खळ वाळायच्या आधी

चंद्रपुरात 'अंडरग्राउंड' म्हटलं की माणसाला आधी कोळसा आठवतो. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यात 'पोरगा अंडरग्राउंडला आहे' म्हणजे तो टोपीला दिवा लावून खाणीत उतरतो. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो, आणि बोलणाऱ्याचा आवाजही आपसूक खाली येतो. त्यामुळे या पुस्तकाच्या लेखिकेनं 'झाडीपट्टीच्या अंडरग्राउंड नट्या' असं नाव घातलेलं हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की बाई, हे पुस्तक वाचनालयात जायच्या आधी ठाण्यात जाईल. ती हसली. नाव तिनं बदललं, शब्दावरचा हट्ट मात्र सोडला नाही. तो तिनं न्यूयॉर्कहून उचलला होता. तिकडे १९६० च्या दशकात स्टुडिओबाहेर, पैशावाचून, चार मित्रांत जे सिनेमे निघाले, थिएटरांनी ज्यांना दार उघडलं नाही, त्यांना हा शब्द लावत. "मग सर, आपल्याकडे वेगळं काय आहे? चार जिल्हे रात्रभर जागतात आणि पुण्याच्या पेपरात एक ओळ येत नाही."

ती माझी शाळेतली विद्यार्थिनी. तिला 'विचार करून सांगतो' म्हटलं, त्याला दोन वर्षं झाली. ही प्रस्तावना म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजावं.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी समीक्षक नाही. ब्रह्मपुरीच्या बाजूला मराठी शिकवत नोकरी केली, आणि हिवाळ्यात सुट्टीच्या आदल्या रात्री, कधी सुट्टी नसतानाही, नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. या पुस्तकात बोलणाऱ्या बऱ्याच बायकांना मी विंगेतून, म्हणजे उजव्या कानशिलाच्या बाजूनं ओळखतो. समोरून त्यांना पाहिलं ते पोस्टरवर.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं भूगोलाचं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला, पण नाटकाला जिल्ह्याची हद्द कधी कळली नाही. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतं, मळणी होते, हातात चुकारा पडतो. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागतात. दिवसा पट, रात्री नाटक. लेकी-जावई येतात, व्याही येतात, कुणाच्या तरी पोरीला 'पाहून' जातात. दंडार आणि खडी गंमत ही इथली जुनी खेळणी. त्यांच्या अंगावर संगीत नाटकाचा अंगरखा चढला आणि त्यावर सिनेमाची झालर लागली, असं मी वर्गात सांगत असे. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर जातो आणि पहाटे कोंबड्याच्या आसपास खाली येतो. मध्ये गाणी, लावण्या, विनोद, रडणं, मारामारी, पुन्हा गाणं. होळीपर्यंत हे चालतं. मग सगळं थंड.

या सगळ्याचं मुख्य ठाणं वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा, आणि गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीत 'नाटकाचं गाव'. दसऱ्याच्या सुमारास तिथे रस्त्याला लागून असलेल्या खोल्यांवर नाट्यमंडळांच्या पाट्या चढतात. आत एक टेबल, तारखांची वही, भिंतीवर पोस्टरं. गावचं मंडळ चार-पाच जण घेऊन येतं, पानठेल्यावर आधी आपसांत ठरवतं, आणि मग आत येऊन नाटकाचं नाव विचारायच्या आधी भिंतीकडे पाहतं. "ही कोन हाय?" बुकिंगची खरी सुरुवात तिथून.

ज्या मुलीबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे तीही या भिंतीवरूनच आली. पुस्तकात तिचं नाव बदललं आहे, मी इथे ते बदललेलं नावही घेत नाही. तिचं गाव सिंदेवाहीकडचं, वाढली चंद्रपुरात. उंच, सावळी, मान लांब. कॉलेजात असताना ब्यूटी पार्लरच्या स्पर्धेत नववधू म्हणून बसली, तिथून एका साडीच्या दुकानाच्या होर्डिंगवर गेली. नागपूरला एका हॉलमध्ये सौंदर्यस्पर्धा झाली, तिथे पट्टा मिळाला, मुकुट नाही. चंद्रपुरासारख्या शहरात मॉडेल होणं म्हणजे एवढंच: दिवाळीआधी दोन फोटो, लग्नसराईत एक रॅम्प, आणि वर्षभर ओळखीच्या बायकांचं 'होर्डिंगवर तूच का गं?' पैसे विचाराल तर साडी. तीसुद्धा फोटोतली नाही, दुसरी.

त्या होर्डिंगवरून एका मंडळाच्या व्यवस्थापकानं तिला उचललं. त्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. ऐकायची त्याला गरजही वाटली नसावी. पोस्टर आधी छापून झालं, खळ लावून आरमोरीपासून मूलपर्यंत एसटी स्टँडांच्या भिंतींवर चिकटलं, आणि मग तालमीला बोलावणं गेलं.

इथे तालीम या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण शहरी वाचकाच्या डोळ्यापुढे महिनाभराची तालीम येते. आमच्याकडे नवं नाटक हंगामाच्या तोंडावर मोजक्या दिवसांत उभं राहतं. जुन्या नाटकात एखादी नटी आजारी पडली तर दुसरी दुपारी वडशाहून निघते, टेम्पोत गोष्ट ऐकते आणि रात्री उभी राहते. हे शक्य होतं ते विंगेतल्या माणसामुळे. त्याच्या मांडीवर लांबोडकी वही, डोक्यावर डब्याच्या पत्र्यानं आडवलेला बल्ब, आणि वाक्य नटाच्या ओठावर येण्याच्या अर्धा श्वास आधी त्याच्या कानात. पूर्ण वाक्य द्यायचं नसतं, पहिले दोन शब्द द्यायचे. नटानं ते ऐकायचे असतात, पण ऐकतोय असं दिसू द्यायचं नसतं. वर टांगलेल्या माईकखाली येऊन बोलायचं, कान विंगेकडे ठेवायचा आणि डोळे तणशीवर बसलेल्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत पोचवायचे. ही कसरत कुठल्याही नाट्यशाळेत शिकवत असतील असं वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात ती दर वाक्याला मान वळवून माझ्याकडे पाहायची. होर्डिंगच्या सवयीनं चेहरा तर सुंदर लागायचा, पण लोकांना तिची वेणीच दिसायची. शिट्ट्या पडल्या. एकदा कुणी ओरडलं, "मास्तरले समोर आना, थोच बोलून रायला!" ती रात्रीच्या टेम्पोत रडली नाही. तिनं मला विचारलं, "सर, मी विसरली हे तुमाले कसा समजन? मी न पायता?" आम्ही ठरवलं, ती डाव्या हातातल्या बांगड्या जरा वाजवील. बांगड्या वाजल्या की वाक्य द्यायचं. न वाजल्या तर गप्प बसायचं.

यातली गंमत मला फार नंतर कळली, लेखिकेनं आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. तिच्या 'अंडरग्राउंड' शब्दामागे जी बाई उभी होती ती एडी सेजविक. १९४३ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला जन्मलेली, मोठ्या जुन्या घराण्यातली, पैशात लोळलेली आणि घरात पोळलेली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला आली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिची गाठ अँडी वॉरहॉलशी पडली, तोच तो, सूपच्या डब्यांची चित्रं काढून गाजलेला. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या त्याच्या जागेला 'फॅक्टरी' म्हणत. भिंती चंदेरी कागदानं मढवलेल्या. तिथे कुणी आलं की त्याला कॅमेऱ्यापुढे बसवायचं, हलू नकोस म्हणायचं आणि सोळा मिलिमीटरचं एक रीळ संपेपर्यंत, जेमतेम तीन मिनिटं, नुसता चेहरा टिपायचा. दाखवताना रीळ मंद गतीनं चालवायचं, म्हणजे ती तीन मिनिटं चारच्या वर जायची. १९६४ ते १९६६ या काळात वॉरहॉलनं चेहऱ्यांची अशी ४७२ रिळं घेतली. एडीचाही चेहरा घेतला. ऑगस्ट १९६५ च्या 'व्होग' मासिकात ती नव्या पिढीचा चेहरा म्हणून झळकली. आखूड रुपेरी केस, काळे घट्ट पायमोजे, मोठाली कर्णभूषणं. त्याच वर्षी तिनं वॉरहॉलचे एकामागून एक सिनेमे केले. म्हणजे आधी मॉडेल, मग नटी असा सरळ जिना तिच्या आयुष्यात नव्हता. दोन्ही एकाच उन्हाळ्यात.

त्यातल्या 'पुअर लिटल रिच गर्ल' या सिनेमाचं पहिलं रीळ भिंगाच्या गडबडीमुळे अख्खं धूसर निघालं. अर्धा तास एक सुंदर मुलगी खोलीत वावरते आणि तिचा चेहराच दिसत नाही. वॉरहॉलनं ते फेकलं नाही, तसंच ठेवलं, पुढे स्पष्ट रीळ जोडलं. आमच्या एखाद्या व्यवस्थापकानं असं केलं असतं तर मंडळानं पैसे परत मागितले असते.

पण मला धक्का बसला तो 'किचन' या सिनेमाच्या हकिकतीनं. रोनाल्ड टॅव्हेलनं त्याची संहिता लिहिली होती. एडीला वाक्यं पाठ राहत नसत, म्हणून संहितेची पानं सेटवर जागोजाग लपवली. आणि वाक्य आठवेना की तिनं शिंकायचं असं ठरलं. शिंक आली की आडून वाक्य मिळे. मी वहीवर हात ठेवून बराच वेळ बसलो. न्यूयॉर्कला शिंक, आमच्याकडे बांगडी. आडोशाचा माणूस तिथेही होता.

साम्य मात्र इथवरच, आणि माझं लेखिकेशी भांडण इथे सुरू होतं. फॅक्टरीत नटीकडून कुणाला काही नको होतं. ती असावी, एवढंच. तिनं विसरावं, कंटाळावं, सिगारेट ओढावी, कॅमेरा चालू राहील. पाहणारे मूठभर, तेही बव्हंशी ओळखीचे. आमच्याकडे तिकीट काढून आलेला शेतकरी असतो, कापणीच्या कमाईतून पोरांना आलुबोंडा घेऊन देऊन बसलेला. पहाटेपर्यंत थंडीत बसायचं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. त्याला तुम्ही कंटाळा दाखवू शकत नाही. उलट एडीच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या पोरींना लगेच कळेल: ज्या चित्रांमुळे ती गावभर ओळखली गेली, त्यांचे पैसे तिला मिळाले नाहीत, आणि त्यावरून वाद झाले. १६ नोव्हेंबर १९७१ ला झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानं ती गेली. वय २८. तिचा शेवटचा सिनेमा, 'चाव! मॅनहॅटन', पुढच्या वर्षी लागला. तिच्यावर पुस्तकं निघाली, गाणी झाली. आमच्याकडची कुणी अशी गेली तर तेराव्याला मंडळातले चौघे येतात आणि पुढच्या हंगामात पोस्टरवरची जागा भरते.

बाईनं रंगभूमीवर उभं राहण्याचा इतिहास मराठीत नीट लिहिला गेलेला नाही असं मी म्हणणार नाही. फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही आणि तारामती झाली ती अण्णा साळुंके नावाच्या आचाऱ्याची; त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. हंसा वाडकर 'सांगत्ये ऐका' म्हणत बोलल्या, अरुण साधूंनी ते टिपून घेतलं, त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' केला आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही सगळी साखळी छापील आहे. आमची साखळी बांगडीची आणि खळीची, म्हणून ती उरत नाही. पूर्वी इथेही पुरुषच लुगडं नेसत. मग बाहेरगावच्या बायका येऊ लागल्या, नागपूरकडच्या, तमाशातून सुटलेल्या. मग इथल्या मुली. कोणत्या गावात, कोणत्या रात्री पहिली स्थानिक मुलगी उभी राहिली, हे सांगू शकणारी माणसं एकेक करून जात आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी जे आयुष्यभर केलं, तसं या बायकांसाठी कुणी केलं नव्हतं. या पुस्तकानं सुरुवात झाली, एवढं मी नि:शंक म्हणतो.

आता त्या रात्रीबद्दल. गाव वैरागडच्या वाटेवरचं, डिसेंबर, बोडीवरून येणारं धुकं शामियान्यात घुसलेलं. नाटक कर्जबाजारी शेतकऱ्याचं. आमच्याकडे हा विषय रंगभूमीवर यायला शहराची वाट पाहावी लागली नाही. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' गावोगाव पाहिलेले लोक समोर बसलेले असतात. तीन वाजून गेले होते. नवऱ्याचं प्रेत आणतात, बायका तिचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, आणि सावकार येऊन उभा राहतो. त्याला उद्देशून तिचं पाऊण पानाचं स्वगत. लेखकाला त्या पाऊण पानाचा फार अभिमान होता.

बांगड्या फुटल्या आणि माझ्या लक्षात आलं, की आता खूण कसली? हे आम्ही दोघांनीही ठरवलं नव्हतं. ती सावकारापुढे उभी. बोलेना. मी पहिले दोन शब्द दिले. नाही. पुन्हा दिले, जरा मोठ्यानं. टांगलेल्या माईकनं ते उचलले असावेत, कारण पुढे लुगड्यावर पोर निजवून बसलेली एक म्हातारी विंगेकडे वळून मला म्हणाली, "थांब ना गा थोडा, बोलन थे!"

मी थांबलो. ऑर्गनवाल्यानं पट्ट्यांवरची बोटं उचलली. तिनं डावा हात थोडा वर केला, रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, तो खाली घेतला. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझं बोट वहीत त्याच ओळीवर होतं आणि बल्बभोवतीचे किडे पानावर पडत होते. सावकार झालेला नट, पंचवीस हंगाम काढलेला माणूस, तिच्या नजरेसमोरून एक पाऊल मागे सरला. ते वहीत नव्हतं. मग ती वळून आत गेली. स्वगत गेलं. पडदेवाल्यानं घाबरून पडदा टाकला.

लेखक विंगेत लाल झाला होता. व्यवस्थापक बाहेरून आला. त्याचं मोजमाप वेगळं. म्हणाला, "चहाच्या टपरीवर एक गिऱ्हाईक नव्हतं त्या वेळी. उद्यापासून हे असंच ठेवा." मी तिला विचारलं, विसरली होतीस का. रंग पुसता पुसता तिनं सांगितलं, "वाक्य याद होता सर. पन बोलाचा मनच नाई झाला."

वॉरहॉलच्या त्या चेहऱ्यांच्या रिळांची माहिती वाचताना मला ही रात्र आठवली, आणि लेखिकेनं मांडलेलं साम्य मी इतक्या घाईनं का नाकारत होतो ते कळलं. नुसता चेहरा, न बोलता. ते आमच्याकडेही घडतं. फक्त त्याच्या आधी पाच तास बोलावं लागतं.

आता पुस्तकाविषयीच्या तक्रारी. प्रस्तावनाकारानं त्या शेवटी मऊ शब्दांत मांडाव्यात असा रिवाज आहे, मी मधेच आणि सरळ मांडतो. लेखिकेनं पैशाबद्दल फार संकोचानं विचारलं आहे. नाईट किती, उचल किती, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात कुणाकडे जायची मोकळीक असते का, पाऊस पडून खेळ मोडला तर नाईट बुडते की अर्धी मिळते, हे प्रश्न या बायकांच्या बोलण्यात सारखे डोकावतात आणि लेखिका दर वेळी कलेकडे वळते. मला एका मंडळानं एकदा दोन महिन्यांची प्रॉम्प्टिंगची रक्कम 'पुढच्या दसऱ्याला' म्हणून लोंबकळत ठेवली होती. माझी पगाराची नोकरी होती म्हणून मी हसू शकलो. ज्या बाईच्या पोराची फी त्यावर असते, तिचा आवाज या पुस्तकात आणखी हवा होता. दुसरं, रेकॉर्ड डान्सला लेखिकेनं नाक मुरडलं आहे. नाटकात मध्येच सिनेमाच्या गाण्यावर नाच येतो हे मलाही रुचत नाही, पण नाचणारी मुलगी त्याच टेम्पोतून येते आणि त्याच पहाटे परत जाते. तिलाही एक प्रकरण द्यायला हवं होतं.

खोली भाड्यानं देताना घरमालक काय विचारतो, शाळेत आईचा व्यवसाय काय लिहायचा, सोयरिकीच्या वेळी 'हंगामात कुठं असते' याचं उत्तर कसं टाळायचं, ही पानं मात्र लेखिकेशिवाय कुणाला लिहिता आली नसती. बायका तिच्याशी बोलल्या. माझ्याशी इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत.

मधल्या काळात बरंच घडलं. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पटाची गर्दी गेली आणि काही गावांत नाटकंही तुटली. डिसेंबर २०२१ मध्ये पट पुन्हा सुरू झाले. त्याच्या अलीकडेपलीकडे करोनाचे हंगाम. वडशाच्या त्या खोल्यांना कुलपं पाहिली मी, आणि नायिकेचं काम करणारी एक मुलगी बांधीत पऱ्हे लावताना. जून २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' आला. आपली माणसं मोठ्या पडद्यावर पाहायला लोक चंद्रपूरच्या थिएटरात गेले. २०२३ साली कुरखेड्याकडचे परशुराम खुणे पद्मश्री झाले, त्यांनी आयुष्यभर हसवलेल्या गावांनी डफ वाजवले. विनोदी नटाला मिळाली याचा मला दुप्पट आनंद. नटीची पाळी कधी येते ते पाहायचं.

आणि आता मोबाइल. हल्ली वडसा-ब्रह्मपुरीची पोरं धानाच्या बांधावर, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर छोटे सिनेमे करतात आणि यूट्यूबवर टाकतात. स्टुडिओ नाही, थिएटर नाही, संहिता एका पाठकोऱ्या कागदावर. लेखिकेच्या त्या शब्दाला खरं घर कुठे मिळत असेल तर इथे. आमच्या या मुलीनं नायिकेचे हंगाम केले, मग भावजयीचे, आणि आता पस्तिशी गाठायच्या आत ती अशा सिनेमांत सासू होते. कॅमेरा धरणारा पोरगा तिला म्हणतो, काकू, डोळे इकडे. तिला प्रॉम्प्टर लागत नाही. चुकलं तर पुन्हा घेतात. याचं तिला फार नवल वाटतं. "चुकला तं पुन्हा घेतेत सर! आपन येवढा कायले भेत होतो?"

मुखपृष्ठावर जे पोस्टर आहे ते माझ्याकडचं. हंगाम संपल्यावर एका एसटी स्टँडच्या भिंतीवरून मी ते सोडवलं होतं, पावसानं खळ सुटायला लागली होती म्हणून जमलं. खालचा कोपरा फाटला आणि त्याबरोबर नाटकाचं नावही. मधोमध ती, भरजरी शालूत, कमरेवर हात, मागे जळतं घर आणि सावकाराच्या मिशा. लेखिकेला हा फोटो इतका आवडला, की तिनं प्रस्तावनेत त्याबद्दल दोन शब्द लिहाच असा आग्रह धरला: होर्डिंगवरची मुलगी आणि रंगभूमीवरची बाई एकाच चित्रात कशा दिसतात वगैरे. मी लिहायला बसलो, आणि खात्री करून घ्यावी म्हणून तिला फोन लावला. विचारलं, हा शालू कुठला, साडीच्या दुकानाचा की मंडळाचा.

पलीकडे ती हसतच सुटली. मागे कुणाचं तरी शूटिंग चालू असावं, कोणी 'शांत बसा' म्हणून ओरडलं.

"थो शालू माझा नोहे सर. तोंड माझा हाय. बाकी कोनाचा हाय का मालूम! वडशाच्या कंप्युटरवाल्यानं जोडला."